मधल्या खुर्चीतला सिनेमा

तिकिटं काढताना भरतेश मगदूमच्या हातून एकच चूक झाली. फोनवर 'नेहमीचे तिघे' असं बटण होतं, ते त्याने दाबलं. आता वेगळं काही दाबायचं असतं, हे त्याच्या बोटाला अजून माहीत नव्हतं.

थिएटरच्या दारात डोअरकीपरने फोन बघितला, बाप बघितला, बापाचा हात धरून उभी असलेली नऊ वर्षांची पोरगी बघितली.

"तिसरे कोण? पद्मजा मगदूम?"

"येतील मागून," भरतेश म्हणाला.

त्रिशलाने मान वर करून बापाकडे पाहिलं. आईला जाऊन वर्ष उलटलं होतं आणि या वर्षात त्या दोघांनी काही न बोलण्याची चांगलीच सवय केली होती. पद्मजा गेली ती एका दुपारी, डोक्यातली शीर फुटून, कुणाला काही कळायच्या आत. दिवसकार्य झालं, पाहुणे गेले. मग भरतेशने तिच्या साड्या, स्वेटर, पर्स, कंगवे एका मोठ्या बॅगेत भरून माळ्यावर टाकले. भिंतीवरचा फोटोही उतरवला. पोरीला रोज दिसायला नको, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. पोरीला विचारलं नव्हतं.

आता जूनपासून त्रिशला निपाणीला जाणार होती. तिथे पद्मजाची धाकटी बहीण शांतला राहायची. "मी मावशीकडं शाळेला जाऊ?" असं पोरीनेच एकदा जेवताना विचारलं, आणि "जा की, तुला बरं वाटत असेल तर," असं भरतेश ताटाकडे बघत म्हणाला. वरण पातळ होतं, त्याला वाटलं तिला त्या वरणाचाच कंटाळा आला असेल. नंतर आठ दिवस त्याच्या घशाखाली घास गेला नाही. पण थांब म्हणायचं कसं, ते त्याला येत नव्हतं. तिची बॅग निम्मी भरून झाली होती. जाण्याआधी एवढा एक सिनेमा दाखवावा म्हणून तो तिला घेऊन आला होता.

सिनेमा होता 'वादळ्यांचं बिऱ्हाड', भाग दुसरा. पहिला भाग तिघांनी घरच्या टीव्हीवर इतक्या वेळा बघितला होता की संवाद पाठ होते. कार्टूनमधलं एक साधं घर, पण घरातल्या प्रत्येकाकडे काहीतरी अचाट. आई ऊर्मिला वादळेची सावली तिच्यापासून सुटी व्हायची आणि लांब जाऊन कामं करून यायची. पुरात अडकलेली म्हैसही काढायची आणि दूध उतू चाललं असेल तर गॅसही बंद करायची. आजोबांनी थापटी मारली की बंद पडलेलं कुठलंही यंत्र चालू व्हायचं. मुलीला शिंक आली की तेवढ्यापुरतं जग थांबायचं. आणि बाबा वादळे घाबरले की जड व्हायचे. इतके जड की हत्तीला हलणार नाहीत. याचा उपयोग क्वचित आणि घरातली स्टुलं मोडायची रोज.

थिएटर मात्र नवं होतं. सांगलीत तसला पडदा पहिल्यांदाच आला होता.

भरतेशचं गणपती पेठेत चष्म्याचं दुकान होतं. भिंगांशी रोजचा संबंध, त्यामुळे या पडद्याची गंमत त्याला वाचल्या वाचल्या समजली. त्याच्या लहानपणी कंपासपेटीत एक खरखरीत पट्टी असायची. सरळ धरली की वाघ, तिरकी केली की हरीण. तिच्यावर उभ्या रेघांसारखी बारीक भिंगं असतात आणि प्रत्येक भिंगाखाली दोन्ही चित्रांची एकेक चिरफळी. भिंग एका बाजूला वाघाचा उजेड फेकतं, दुसऱ्या बाजूला हरणाचा. नव्या पडद्यात हेच होतं, फक्त दोन बाजूंच्या जागी शेकडो बाजू. पडद्याचा प्रत्येक ठिपका प्रत्येक खुर्चीकडे वेगळा उजेड पाठवायचा. झोत जेमतेम एका डोक्याइतका रुंद. आवाज यायचा डोकं टेकायच्या उशीतून. म्हणजे शेजारी शेजारी बसलेल्या दोन माणसांना दोन वेगळे सिनेमे दिसू शकत.

खऱ्या नटांच्या सिनेमाला ही सोय पुरती लागू होईना, कारण जेवढं शूट केलं तेवढंच दाखवता येणार. कार्टूनला ती अडचण नव्हती. थिएटरचं यंत्र त्यातली चित्रं खेळ चालू असतानाच काढत जायचं. कथेचा सांगाडा एक, गाणी आणि मारामाऱ्या सगळ्यांना सारख्या, पण मधलं सगळं खुर्चीगणिक निराळं. कुणाला काय आवडतं हे यंत्राला घरच्या टीव्हीवरून कळायचं. नजर कुठे थांबते, हात रिमोटकडे कधी जातो, मनगटावरच्या घड्याळात नाडी कधी पळते. लोकांनी थोडी कुरकुर केली, मग तिकीट निम्म्यावर आलं तसे गप्प बसले. हट्ट टिकला तो एकाच गोष्टीचा, की अंधारात कॅमेरा नको. तसा कायदाही झाला. त्यामुळे हॉलच्या आत यंत्र आंधळं होतं. खुर्चीवर ज्याचं नाव, तोच तिथे बसला आहे, असं ते धरून चालायचं.

'लहानांना लहानांचा, मोठ्यांना मोठ्यांचा, एकाच तिकिटात!' अशी जाहिरात होती. घरातल्या सगळ्यांनी एकत्र यावं आणि कुणीच कंटाळू नये. ऐकायला बरं वाटत होतं.

रांगेत तीन खुर्च्या होत्या. डावीकडे त्रिशलाची, मधली पद्मजाची, उजवीकडे भरतेशची. दोघं आपापल्या नावावर बसले. मधल्या खुर्चीत भरतेशने भडंगाची पुडी ठेवली. बाहेरचं खाणं आत न्यायला बंदी होती, पण पद्मजाने लग्नाआधीपासून ती कधी पाळली नव्हती आणि घरात तिचाच कायदा चालायचा.

दिवे गेले. सिनेमा सुरू झाला.

भरतेशला बरा वाटला. आजोबा वादळ्यांनी एका बंद पडलेल्या एसटीला थापटी मारली आणि ती थेट उडालीच, तेव्हा तो मोठ्याने हसला. हसताना सवयीने डावीकडे बघितलं, तर त्रिशला गंभीर. थोड्या वेळाने ती खुदकन हसली, तेव्हा त्याच्यासमोर नुसता रस्ता होता. त्याच्या लक्षात आलं, पोरीच्या तोंडावर हिरवा उजेड पडतोय आणि आपल्या हातावर निळा. पूर्ण हॉल तसाच होता. रांगेरांगेत शेजारी शेजारी वेगवेगळ्या रंगांची तोंडं. कुणी हसत होतं, त्याच्या मांडीला मांडी लावून बसलेलं कुणी डोळे पुसत होतं.

'पूर्वी एकाच वेळी हसायचो,' एवढंच त्याच्या मनात आलं. मग मारामारी सुरू झाली आणि तो विसरला. या भागातला दुष्ट माणूस गावोगावचा उजेड चोरून बाटल्यांत भरत होता. मध्यंतराच्या जरा आधी त्याने ऊर्मिलाला धरणाच्या बोगद्यात कोंडलं. पूर्ण काळोख. उजेड नाही म्हणजे सावली नाही, आणि सावली नाही म्हणजे ऊर्मिलाच्या हातात काही नाही. भरतेशच्या पडद्यावर हे सगळं फार लांबून आणि पटकन उरकलं. एक दार बंद झालं, बस्स.

दिवे लागले. पाटी झळकली, 'कृपया आपली जागा बदलू नये.'

त्रिशला उठून उभी राहिली होती.

"काय गं? बाथरूमला जायचंय?"

"सरका की," ती म्हणाली.

हा मगदूमांच्या घरचा नियम होता. तोही पद्मजाचाच. पाच भावंडांत तिला लहानपणी कायम खांबामागची जागा मिळायची, म्हणून आपल्या घरात मध्यंतर झालं की सगळ्यांनी एकेक खुर्ची डावीकडे सरकायचं आणि डावीकडच्या टोकाच्याने पळत उजवीकडे यायचं. "सगळ्यांना सगळीकडून दिसलं पाहिजे," असं ती म्हणायची. सर्कस असो, नाटक असो, शाळेचं गॅदरिंग असो. मागच्या रांगेतले वैतागायचे, ही बया हसत सरकायची.

"अगं, पण इथं तसं चालत नाही. ती पाटी वाच."

"आई असती तर सरकली असती."

वर्षभरात त्रिशलाने बापासमोर 'आई' हा शब्द उच्चारला तो तेव्हाच पहिल्यांदा. भरतेश निमूटपणे उठला आणि मधल्या खुर्चीत बसला. त्रिशला गुडघे चुकवत रांगेच्या या टोकाला आली आणि त्याच्या जागी बसली. डावीकडची खुर्ची रिकामी राहिली. भडंगाची पुडी आता तिच्यात ठेवली.

दिवे पुन्हा गेले.

पडद्यावर वादळ्यांचं स्वयंपाकघर होतं. सकाळ. ऊर्मिला नाही. बाबा वादळे डबे भरत होते. पोळी तव्यावर काळी झाली, ती त्यांनी हळूच खिशात लपवली. मुलीची वेणी घालायला घेतली, तर एक कानाच्या वर आणि दुसरी मानेवर. शाळेची बस निघून जाते की काय म्हणून घाबरले, जड झाले आणि स्टूल मोडून खाली बसले. शर्टाची बटणं एकाआड एक चुकलेली.

भरतेश हसला. मग त्याला जरा नवल वाटलं. उजेड चोरणारा बाहेर मोकाट, बायको बोगद्यात, आणि हा सिनेमा बाबा वादळ्यांना सोडायलाच तयार नाही. त्यांच्या हातांवर थांबत होता. घामेजलेल्या मानेवर थांबत होता. दोरीवर ऊर्मिलाची साडी वाळत होती, तिला त्यांनी उगाचच एक चिमटा जास्त लावला, तिथे तर केवढा तरी वेळ थांबला. बाकीचे उडत होते, लढत होते, ते मागे अंधूक. पुढे हा धांदरट माणूस, आणि त्याच्याकडे कुणीतरी अगदी लाडाने बघत होतं.

कोण बघत होतं ते भरतेशला एकदम समजलं.

ही खुर्ची पद्मजाच्या नावाची. यंत्राला ती गेल्याचं कुणी सांगितलंच नव्हतं. त्याच्याकडे तिची कित्येक वर्षांची नजर जमा होती, आणि ती नजर काय शोधायची तेच ते समोर मांडत होतं. पहिला भाग बघताना पद्मजा खो खो हसायची. भरतेशला वाटायचं, म्हातारा आवडतो हिला. एकदा त्याने विचारलंही होतं. "छे ओ, मला तो बापच आवडतो," ती म्हणाली होती. "बाकीचे उडतात. हा नुसता सांडतो. पण कुठं जात नाही." आणि भरतेश शेजारी बसून भडंग खात होता. शर्टावर सांडत होता. त्याच्या डोक्यात काही शिरलं नव्हतं.

त्याला पडद्यावरून नजर काढवेना.

इतक्यात बाही ओढली गेली.

"पप्पा."

"काय गं?"

"आई कुठाय?"

त्याने वळून बघितलं. त्रिशलाचं तोंड निळं दिसत होतं आणि गालावरून पाणी चाललं होतं.

"कुणाची आई?"

"वादळ्यांची! तुमच्या पिक्चरमध्ये आई नाहीच. सगळे जेवायलेत आणि तिचं ताटपण नाही. तिला कुणी शोधायला जात नाही. तिचं नावपण कुणी घेईना."

भरतेशला आधी काही समजेना. मग ध्यानात आलं. ती आपल्या खुर्चीत बसली आहे, आपल्यासाठी काढलेला सिनेमा बघते आहे. घरी टीव्हीवर कुठलीही आई दिसली की आपण रिमोट उचलायचो नाहीतर पाणी प्यायला उठायचो. यंत्राने ते टिपलं आणि या माणसाला त्रास नको म्हणून आईलाच पुसून टाकलं. यंत्राने वाईट काहीच केलं नव्हतं. भरतेशने पोरीसाठी जे केलं होतं, तेच यंत्राने त्याच्यासाठी केलं होतं. आणि पोरगी अर्ध्या तासात रडायला लागली. घरी तर ती वर्षभर याच सिनेमात राहत होती.

"इकडं आहे ती," तो म्हणाला. "माझ्यासमोर. सगळे तिला शोधायलेत. ये."

"कुठं येऊ?"

"इथं. माझ्याजवळ."

त्रिशला त्याच्या मांडीवर आली. नऊ वर्षांची पोरगी, पाय लांब झालेले, कोपर पोटात रुतलं. पण पडदा दिसेना. त्याला दिसलं की तिला नुसता रंगांचा चिखल, तिला दिसलं की त्याला. झोत एका डोक्याचाच होता. मग तिने आपला गाल त्याच्या गालाला घट्ट लावला. त्याची दाढी टोचली. दोघांचा एकेक डोळा झोतात आला.

"दिसलं," ती म्हणाली.

हातात टॉर्च घेऊन डोअरकीपर आलाच. "साहेब, एका खुर्चीत दोघं चालत नाहीत. शेजारी दोन रिकाम्या आहेत की."

"तिथनं दिसत नाही ओ."

"असं कसं दिसत नाही? नवाकोरा पडदा आहे!"

"पडदा दिसतोय काका," त्रिशला मान न हलवता म्हणाली, "पण तिथनं आई दिसत नाही."

डोअरकीपरने टॉर्च खाली केला. तिकिटं तपासायच्या त्याच्या फोनवर तिसऱ्या तिकिटाचं नाव अजून होतं. ते त्याने बघितलं, मग त्या एका खुर्चीतल्या दोघांकडे बघितलं.

"पाय तेवढे आत घ्या," तो म्हणाला आणि निघून गेला.

पडद्यावर आता बाबा वादळे बोगद्याच्या तोंडाशी पोचले होते. दुष्टाने पाणी सोडलं. सगळे वाहून जाणार, तोच बाबा घाबरले. आयुष्यात कधी घाबरले नव्हते एवढे. ते दारात बसले आणि धरणासारखे जड झाले. पाणी अडलं. मागून गावातला एकेक माणूस आला. कुणी बॅटरी, कुणी निरांजन, कुणी दिवा लावलेला फोन घेऊन. उजेड आत गेला आणि बोगद्याच्या भिंतीवर एक लांबच लांब सावली उठली.

त्रिशलाचा श्वास अडकला. भरतेशच्या गालाला ते जाणवलं.

ऊर्मिला बाहेर आली. भिजलेली, दमलेली. आता ती रडेल, मिठी मारेल, असं भरतेशला वाटलं. तिने नवऱ्याला खालपासून वरपर्यंत निरखलं आणि कमरेवर हात ठेवले.

"गावासमोर असे आलात? आधी बटणं नीट लावा!"

दोघंही फस्सकन हसले. मोठ्याने, डोळ्यांतून पाणी येईतो, गाल सुटून पडदा जाईतो. अख्ख्या थिएटरमध्ये त्या क्षणाला हसणारे ते दोघंच होते. पुढच्या रांगेतल्या बाईने वळून बघितलं. तिच्या सिनेमात काहीतरी दुसरंच चाललं असणार.

सिनेमा सुटल्यावर दोघं बाहेर पायऱ्यांवर बसले आणि उरलेलं भडंग काढलं.

"माझ्या खुर्चीत पण आई होती," त्रिशला म्हणाली. "इंटर्व्हलच्या आधी. जिथं तिथं होती. पण नुसती गोड हसायची. सारखं 'बाळा, बाळा'. आई अशी कुठं होती?"

"नव्हती," भरतेश म्हणाला.

"आई ओरडायची."

"ओरडायची म्हणजे! एकदा मी गिऱ्हाइकाचा चष्मा घालून घरी आलो. दारातच झाडलं मला. वर त्या माणसाला फोन करून सांगितलं, 'यांना काही दिसत नाही, तुम्हाला काय दिसणार?'"

त्रिशला हसत त्याच्या अंगावर कलंडली. "हे मला माहीतच नाही. अजून सांगा."

त्याने सांगितलं. एक सांगताना दुसरं आठवलं. बोलायला लागल्यावर त्याला स्वतःचंच नवल वाटलं. इतके दिवस त्याला वाटत होतं, तोंड उघडलं तर आपण तिथेच कोसळू. कोसळला नाही. आवाज दोनदा फाटला, एवढंच.

मध्येच शांतलाचा फोन आला. "दाजी, तिची बॅग झाली का भरून? नव्या शाळेत पहिल्या दिवशी लागतील ते कपडे वर ठेवा."

भरतेशने त्रिशलाकडे बघितलं. ती पुडीच्या तळाचे शेंगदाणे वेचत होती, पण कान इकडेच.

"शांतला, मला वाटतंय तिनं इथंच राहावं," तो म्हणाला. हे वाक्य आपल्याला येतं, हे त्याला तेव्हाच कळलं. "पण मी विचारलेलं नाही तिला. थांब, विचारतो." त्याने फोन छातीशी धरला. "तिशू, निपाणीला कशासाठी जायचं होतं तुला? वरणामुळं?"

"वरणामुळं कशाला?" तिने आठ्या घातल्या. "मावशी आईचं सांगते, म्हणून."

"मी सांगितलं तर?"

तिने एक शेंगदाणा तोंडात टाकला. "रोज?"

"रोज."

"मग सुट्टीपुरती जाते," ती म्हणाली. "मावशीला पण सांगायला कुणीतरी पाहिजे ना."

फोनमधून शांतलाने नाक ओढल्याचा आवाज आला. "ऐकलं बाई मी," ती म्हणाली. "दाजी, फोन झाकायची काही गरज नव्हती, सगळं ऐकू येतं. आणि वरणाचं काय ते जरा बघा."

घरी गेल्यावर भरतेशने स्टूल घेतलं आणि माळ्यावरची बॅग खाली काढली. स्टूल डगमगलं. त्रिशलाने खालून त्याचे पाय धरले आणि त्याला बजावलं, "घाबरू नका हं, जड व्हाल." बॅगेतून आधी फोटो निघाला, मग निळा स्वेटर. स्वेटर तिने लगेच अंगात घातला. हात बाह्यांच्या आतच राहिले. भरतेश फोटो घेऊन भिंतीकडे गेला. खिळा अजून तिथेच होता.

फोटो सरळ झाला की नाही ते बघायला त्रिशला मागे सरकली. तिने फोटो बघितला, मग बापाला खालपासून वरपर्यंत बघितलं. सकाळीच तिच्या लक्षात आलं होतं, पण या घरात ते सांगायचं काम एकाच माणसाचं होतं. तिने लांब बाह्यांचे हात कमरेवर ठेवले.

"दिवसभर असेच फिरलात? आधी बटणं नीट लावा!"

आवाज हुबेहूब होता. भरतेश मान खाली घालून एकेक बटण सोडवून पुन्हा लावू लागला. शेवटचं मात्र त्याने मुद्दाम चुकवलं, म्हणजे ती परत ओरडेल.